दीक्षाभूमी ते बोधिभूमी : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ

आयुष्यात एकदा तरी बुद्धगयेला जाऊन महाबोधी विहारासमोर नतमस्तक व्हावे, ही इच्छा आपल्या समाजातील घराघरांत आहे. पूर्वी ही यात्रा रेल्वेनेच होत असे. अलीकडे मुलेमुली शिकून नोकरीला लागली, चार पैसे गाठीशी आले, आणि ‘आईबाबांना एकदा विमानाने बुद्धगयेला नेऊन आणू’ असे बोलणे ऐकू येऊ लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यासोबत काही गैरसमजही आले आहेत. नागपूर ते गया विमानाने दीड तास, असे कोणीतरी सांगतो. त्यावर विसंबून वयोवृद्ध उपासक-उपासिका सकाळी घरून निघतात आणि गयेत पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. मधल्या काळात औषधाची वेळ टळते, जेवणाचे हाल होतात, आणि ज्या यात्रेसाठी वर्षानुवर्षे पैसा साठवला तिची सुरुवातच थकव्याने होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक साधा विषय सभासदांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत : दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे काय, ते कसे मोजतात, आणि त्या अंतरावरून प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा. उदाहरणादाखल आम्ही दोन विमानतळ घेतले आहेत. पहिला नागपूरचा सोनेगाव विमानतळ, ज्याला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. दुसरा गयेचा विमानतळ, जिथून महाबोधी विहार रस्त्याने आठ-दहा किलोमीटरांवर आहे. एक दीक्षाभूमीच्या शहरातला, तर दुसरा बोधिभूमीच्या दाराशी असलेला.

पायी चाललेली वाट

अंतर आणि वेळ यांचा संबंध माणूस फार पूर्वीपासून पायांनी मोजत आला आहे. तथागतांना संबोधी प्राप्त झाली ती उरुवेला येथे, म्हणजे आजच्या बुद्धगयेत, आणि पहिले प्रवचन झाले ते इसिपतनात, म्हणजे सारनाथला. या दोन ठिकाणांमधील अंतर सरळ रेषेत सुमारे २१० किलोमीटर आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालले तरी निदान दहा दिवस लागणारच. आपल्या पाच जुन्या सहकाऱ्यांना धम्म सांगण्यासाठी भगवंतांनी ही वाट पायी तुडविली. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन-त्संग इ. स. ६२९ च्या सुमारास निघाला, भारतभर फिरला, महाराष्ट्रातही आला आणि ६४५ मध्ये मायदेशी परतला. त्याच्या प्रवासाचा हिशेब तासांत नव्हे, वर्षांत करावा लागतो.

वाहन बदलले की अंतर तेच राहते, वेळ मात्र आकसतो. बाबासाहेबांच्या आयुष्यातील शेवटच्या दोन महिन्यांतच याची दोन उदाहरणे आहेत. धम्मदीक्षेसाठी ते ११ ऑक्टोबर १९५६ रोजी माईसाहेबांसह दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. पुढे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे पार्थिव विमानानेच मुंबईला आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. दिल्ली-मुंबई हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. विमान नसते तर लाखो अनुयायांना आपल्या उद्धारकर्त्याचे अंत्यदर्शन दुसऱ्याच दिवशी घडले नसते. वेळेची किंमत काय असते, हे त्या रात्रीने आपल्या समाजाला दाखविले आहे.

अंतर एक नव्हे, तीन

‘नागपूर ते गया किती किलोमीटर?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. निदान तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पहिले हवाई अंतर. पृथ्वीच्या पाठीवर दोन बिंदूंमध्ये दोरी ताणून धरली तर तिची जी लांबी भरेल ते हे अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही दोरी थोडी वाकलेली असते. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्वृत्ताचा भाग म्हणतात. कोणत्याही दोन ठिकाणांमधील हे सर्वांत कमी अंतर.

दुसरे प्रत्यक्ष उडालेले अंतर. विमान आकाशात वाटेल तसे उडत नाही. त्याच्यासाठी ठरवून दिलेले हवाई मार्ग असतात. उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करायचे असते, त्यामुळे पूर्वेला जायचे असूनही विमान कधी पश्चिमेकडे झेप घेते आणि मग वळसा घेऊन मार्गाला लागते. लष्करासाठी राखलेले आकाश टाळावे लागते, पावसाळी ढगांना बगल द्यावी लागते, आणि उतरण्याच्या ठिकाणी गर्दी असेल तर घिरट्या घालीत थांबावे लागते. म्हणून हे अंतर हवाई अंतरापेक्षा नेहमी थोडे जास्तच भरते.

तिसरे तिकिटावरचे अंतर. थेट विमान नसेल तर वाटेत तिसऱ्या शहरी उतरून विमान बदलावे लागते. तेव्हा दोन उड्डाणांची बेरीज धरावी लागते, आणि ती कधीकधी डोळे विस्फारायला लावणारी असते. ते पुढे येईलच.

विद्यार्थ्यांसाठी : अंतर स्वतः काढा

दहावीपर्यंतचे गणित येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हवाई अंतर स्वतः काढता येते. त्यासाठी एक नकाशासंग्रह, एक वही आणि थोडा वेळ पुरेसा आहे.

नकाशावरून दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. नागपूर साधारण २१.१० अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गया २४.७५ अंश उत्तर आणि ८४.९५ अंश पूर्व. म्हणजे गया नागपूरच्या ३.६५ अंश उत्तरेला आणि ५.९० अंश पूर्वेला आहे.

आता अंशांचे किलोमीटर करावयाचे. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. म्हणून उत्तरेकडचे अंतर ३.६५ गुणिले १११, म्हणजे सुमारे ४०५ किलोमीटर.

रेखांशाचे मात्र तसे नाही. रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत येत ध्रुवावर एकत्र मिळतात. संत्र्याच्या फोडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लगेच ध्यानात येईल. त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची लांबी काढताना १११ ला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. नागपूर आणि गया यांच्या मधला अक्षांश सुमारे २३ अंश आणि त्याचा कोसाइन ०.९२. म्हणजे इथे रेखांशाचा एक अंश १११ गुणिले ०.९२, सुमारे १०२ किलोमीटरांचा. पूर्वेकडचे अंतर ५.९० गुणिले १०२, म्हणजे सुमारे ६०२ किलोमीटर.

आता आपल्यापुढे एक काटकोन त्रिकोण उभा राहिला. एक बाजू ४०५, दुसरी ६०२. पायथागोरसच्या सिद्धान्ताने कर्ण काढा. ४०५ चा वर्ग १,६४,०२५ आणि ६०२ चा वर्ग ३,६२,४०४. बेरीज ५,२६,४२९. तिचे वर्गमूळ सुमारे ७२६. अधिक काटेकोर सूत्राने काढले तर उत्तर ७२८ च्या आसपास येते. फरक दोन किलोमीटरांचा! वही-पेन्सिलीने एवढे जमले तर पुष्कळ झाले. मात्र हजारो किलोमीटरांच्या अंतरांना, उदाहरणार्थ मुंबई-लंडनला, ही सोपी रीत लावू नये. तिथे पृथ्वीचा गोलवा दुर्लक्षून चालत नाही.

वैमानिक मंडळी किलोमीटर वापरीत नाहीत, सागरी मैल वापरतात. त्याचे मूळही याच गणितात आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. तासाला एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. तेव्हा नागपूर-गया अंतर सुमारे ३९३ सागरी मैल होते.

७२८ किलोमीटरांना किती वेळ?

मोठे जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. मग ७२८ किलोमीटर एका तासाच्या आतच व्हायला हवेत, असे वाटणे साहजिक आहे. पण हा वेग केवळ मधल्या टप्प्याचा असतो. विमान जागेवरून हलते, धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जाते, रांग असेल तर थांबते, उडते, चढत जाते, मग कुठे पूर्ण वेग घेते. उतरताना हाच क्रम उलटा. या सगळ्यात सुमारे ३५ ते ४० मिनिटे खर्ची पडतात, मग अंतर ४०० किलोमीटर असो वा २०००.

वेळापत्रकात छापलेला काळ हा विमानाच्या चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. तो काढण्याची एक व्यवहारी रीत आम्ही देत आहोत : अंतराला ८०० ने भागून तास काढावेत आणि त्यात ३५ ते ४० मिनिटे मिळवावीत. नागपूर-गया ७२८ किलोमीटरांना उंचावरची सुमारे ५५ मिनिटे अधिक ३५, म्हणजे दीड तास. लोक सांगतात तो दीड तास हाच. आकडा खोटा नाही, पण तो थेट विमानाचा आहे. पंख्याच्या लहान विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास असतो, तेव्हा तिथे ८०० च्या जागी ५०० ने भागावे.

यात वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दिल्लीहून गयेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, परतणाऱ्याला समोरून अडवतात. समजा विमानाचा वेग ताशी ८३० आणि वारा ताशी १०० किलोमीटर. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९३० होतो, येताना ७३०. दिल्ली-गया अंतर सुमारे ८९० किलोमीटर. जाताना ५७ मिनिटे लागतील तर येताना ७३. तीच वाट, तेच विमान, आणि फरक १६ मिनिटांचा. तिकिटावर जाण्यायेण्याचे वेळ वेगळे छापलेले दिसले तर छपाईची चूक समजू नये.

सरळ ७२८, पण फिरून १७४५

आता तिसऱ्या अंतराकडे वळू. नागपूरच्या यात्रेकरूला गयेला विमानाने जायचे तर बहुधा दिल्ली किंवा कोलकाता येथे विमान बदलावे लागते. वर दिलेल्या रीतीने ही अंतरे काढली तर असे चित्र दिसते :

नागपूर-दिल्ली सुमारे ८५५ आणि दिल्ली-गया सुमारे ८९०, एकूण १७४५ किलोमीटर.

नागपूर-कोलकाता सुमारे ९८५ आणि कोलकाता-गया सुमारे ४२५, एकूण १४१० किलोमीटर.

सरळ अंतर ७२८ असता दिल्लीमार्गे आपण त्याच्या २.४ पट उडतो. कोलकात्यामार्गे जवळजवळ दुप्पट. कोलकात्याला जाताना तर विमान गयेच्या कितीतरी पूर्वेला निघून जाते आणि मग प्रवाशाला मागे परतावे लागते.

एकेकाळी नागपूरचे स्थान याच्या अगदी उलट होते. १९४९ साली देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चारही शहरांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूरहून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कोलकाता ९८५ किलोमीटर. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा तो हाच. आजही देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी कितीतरी विमाने नागपूरच्या आकाशातून जातात. पण डोक्यावरून जाणे वेगळे आणि आपल्या अंगणात उतरणे वेगळे.

याउलट बँकॉक पाहा. बँकॉक ते गया हवाई अंतर सुमारे २०६५ किलोमीटर, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. तरीही हिवाळ्याच्या यात्रा-हंगामात थायलंड, म्यानमार, श्रीलंका, भूतान या बौद्ध देशांतून थेट विमाने गयेला उतरत आली आहेत. आमच्या रीतीने हिशेब केला तर बँकॉकचा उपासक सव्वातीन तासांत गयेत उतरतो आणि नागपूरच्या उपासकाला त्याच्या तिप्पट वेळ लागू शकतो! याचे कारण भूगोलात नाही. जिथून पुरेसे प्रवासी एका वेळी, एका हंगामात, नेमाने निघतात तिथून विमान सुरू होते. अंतर पृथ्वीने ठरविलेले असते, वेळ मात्र माणसांच्या व्यवस्थेने ठरतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण ती केवळ विमानापुरती खरी नाही.

विमानतळ बांधून झाला म्हणजे सेवा आली असेही नव्हे. कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि पहिले विमान श्रीलंकेतून भिक्षुसंघाला घेऊन आले. लुंबिनीजवळ नेपाळातील भैरहवा येथील गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला सुरू झाला. दोन्ही घटना आनंदाच्या. पण आपल्या गावाहून तिथे कोणत्या वारी, कोणत्या महिन्यात विमान आहे हे पाहिल्याशिवाय बेत आखू नये. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात. गेल्या वर्षी कोणीतरी ज्या विमानाने गेले ते यंदा असेलच असे नाही.

घड्याळाची गंमत

परदेशी प्रवासात आणखी एक घोटाळा होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. समजा बँकॉकहून दुपारी १२ वाजता विमान निघाले आणि सव्वातीन तासांनी गयेत उतरले. निघाले तेव्हा भारतात साडेदहा वाजले होते, म्हणून गयेत पावणेदोन वाजलेले असतील. तिकीट पाहणाऱ्याला वाटेल, अवघे पावणेदोन तास लागले! परतताना गयेहून दुपारी ३ वाजता निघून तीन तासांत बँकॉकला पोहोचले तर तिथले घड्याळ साडेसात दाखवील आणि प्रवास साडेचार तासांचा भासेल. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे केवळ १५ मिनिटे आहे. फरक लहान, पण सीमेपलीकडून विमान पकडायचे असेल तर तेवढ्यानेही चुकामूक होते. अशा वेळी दोन्ही वेळा भारतीय वेळेत बदलून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

उंबरठ्यापासून विहारापर्यंत

आता मूळ प्रश्न : नागपूरच्या एखाद्या वस्तीतील आजी आपल्या घराचा उंबरठा ओलांडते तिथपासून महाबोधी विहाराच्या दाराशी पोहोचते तिथपर्यंत एकूण वेळ किती? दिल्लीमार्गे हिशेब मांडू.

घर ते सोनेगाव विमानतळ : १ तास.
विमानतळावर आधी पोहोचणे, सामान देणे, तपासणी : २ तास.
नागपूर-दिल्ली उड्डाण : पावणेदोन तास.
दिल्लीत विमान बदलण्यासाठी थांबणे : ३ तास.
दिल्ली-गया उड्डाण : पावणेदोन तास.
गयेत उतरून सामान मिळणे : पाऊण तास.
विमानतळ ते बुद्धगया : अर्धा तास.

बेरीज पावणेअकरा तास. त्यापैकी प्रत्यक्ष विमानात साडेतीन तास, उरलेले सव्वासात तास वाट पाहण्यात, रांगेत आणि रस्त्यावर. विमान कितीही वेगवान असले तरी हे सव्वासात तास त्याच्या वेगाने कमी होत नाहीत. ते कमी होतात ते नीट योजनेने.

यात धुक्याचा हिशेब धरलेला नाही. बुद्धगयेचा यात्रा-हंगाम हिवाळ्याचा आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीपासून बिहारपर्यंत गंगेच्या सपाटीवर पहाटे दाट धुके पसरते. विमाने तासन्‌तास अडकतात, काही रद्द होतात. या दोन महिन्यांत सकाळचे पहिले विमान शक्य तो टाळावे आणि दुपारचे घ्यावे.

आता रेल्वे. नागपूरहून इटारसी, जबलपूर, प्रयागराजमार्गे गया हे अंतर बाराशे किलोमीटरांच्या पुढे जाते आणि साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस नागपूर आणि गया या दोन्ही ठिकाणी थांबते. गया स्थानकापासून बुद्धगया सुमारे पंधरा किलोमीटर. तेव्हा खरी तुलना दीड तास विरुद्ध चोवीस तास अशी नाही, ती अकरा तास विरुद्ध सुमारे सव्वीस तास अशी आहे. विमानाने पंधरा तास वाचतात. हा लाभ मोठा आहे, पण तो किती रुपयांना विकत घ्यायचा, हे प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. रोजंदारीवर जाणाऱ्याला एक दिवसाचा खाडा वाचणे महत्त्वाचे असेल. गुडघे दुखणाऱ्या आजीला वरच्या बाकावर चढण्याचा त्रास वाचणे महत्त्वाचे असेल. तरुणांना मात्र गाडीत सर्वांसोबत बसून, भाकरी वाटून खात, वंदना म्हणत जाण्यातच यात्रेचा अर्धा आनंद आहे.

सभासदांसाठी काही सूचना

१. दोन उड्डाणे असतील तर दोन्ही एकाच तिकिटावर घ्यावीत. पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर एकाच तिकिटावर पुढची सोय करणे विमान कंपनीकडे येते. वेगवेगळी तिकिटे असतील तर नुकसान आपले.

२. थांबण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी ठेवू नये. दिल्लीसारख्या ठिकाणी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जावे लागू शकते. वृद्ध बरोबर असतील तर तीन तास बरे.

३. देशांतर्गत विमानाचे सामान घेण्याचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. ‘आठचे विमान’ म्हणजे सातच्या आत सर्व सोपस्कार पूर्ण, हे घरातील सर्वांना आदल्या रात्री समजावून सांगावे.

४. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी ती तिकीट काढतानाच मागावी. त्यात संकोच नको. तो आपला हक्क आहे.

५. औषधे, चष्मा आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे, मोठ्या सामानात नव्हे. मधुमेह असलेल्यांनी खाण्याची वेळ प्रवासाच्या हिशेबात आधीच लिहून ठेवावी.

६. पाटण्यापर्यंतचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून लगेच घेऊ नये. पाटणा विमानतळापासून बुद्धगया सरळ रेषेतच सुमारे १०० किलोमीटर आहे, रस्त्याने त्याहून अधिक. तीन-साडेतीन तास आणि मोटारीचे भाडे त्यात मिळवून मग तुलना करावी.

७. जाताना एक साधन आणि येताना दुसरे, हाही मार्ग आहे. जाताना सर्वांनी मिळून रेल्वेने जावे, दर्शन, सारनाथ, राजगीर, नालंदा आटोपून थकलेल्या वृद्धांना परतताना विमानाने आणावे. खर्च निम्म्यावर येतो आणि शरीराला जपणेही होते.

विद्यार्थ्यांना शेवटी दोन शब्द

तथागतांनी आपल्याला शिकविले की कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नये, तपासून पाहावी. बाबासाहेबांनी तीच दृष्टी आपल्या हाती दिली. ही दृष्टी मोठमोठ्या तत्त्वांपुरती नाही. घरातल्या आजीची यात्रा ठरत असताना ‘दीड तासांत पोहोचाल’ असे कोणी म्हणाले, तर नकाशा उघडून अक्षांश-रेखांश पाहणे, अंतर काढणे, उड्डाणांची बेरीज करणे, उंबरठ्यापासून विहारापर्यंतचा तक्ता मांडणे, हाही त्याच दृष्टीचा उपयोग आहे. ज्या समाजाला शतकानुशतके पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवले त्या समाजातली नात आज कोसाइन लावून आजीच्या प्रवासाचा हिशेब करते, यापरते समाधान कोणते?

आमची प्रत्येक विद्यार्थ्याला विनंती आहे की या सुट्टीत त्याने आपल्या जवळच्या विमानतळापासून गया, वाराणसी आणि कुशीनगर ही तीन अंतरे काढावीत, त्यावरून उड्डाणाचा वेळ काढावा आणि मग आपल्या घरापासूनचा पूर्ण तक्ता तयार करावा. तो तक्ता आपल्या वस्तीच्या विहारातील फलकावर लावावा. पुढच्या यात्रेला निघणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा त्याने एक दिवस वाचला, एखाद्या आजोबांची औषधाची वेळ पाळली गेली, तरी आपल्या शिक्षणाचे चीज झाले असे समजावे.

सर्वांची यात्रा सुखरूप होवो. जय भीम. नमो बुद्धाय.